आकडा आधी खांद्यात येतो

बाईंनी माझी मुलाखत घेतली तेव्हा माझ्या शिक्षणाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. डी.एड.ची फाईल मांडीवर घेऊन मी बसले होते, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आत गेल्या, रव्याने भरलेली एक परात घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "चार काढ."

मी बोटाने रव्यात चार काढला.

"उजवीकडून का सुरुवात केलीस?"

"तसाच येतो मला."

"तसाच काही येत नसतो. कुणीतरी घाई करून शिकवलेला असतो." परात हलवून त्यांनी रवा पुन्हा सपाट केला. "आता डोळे मीट आणि परत काढ. नुसतं बोट नको. कोपर उचल, सगळा हात फिरू दे."

डोळे मिटून, कोपर उचलून काढलेला माझा चार परातीच्या कडेवरून थेट फरशीवर गेला. मला वाटलं, गेली नोकरी. बाई मात्र खूश दिसल्या. "हां. हा चार जिवंत आहे. सोमवारपासून ये, आणि ती फाईल घरी ठेवून ये."

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून बाईंची बालवाडी भरायची. एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गिरणी सुरू झाली की आमच्या भिंती थरथरायच्या. बाईंना त्याचा त्रास होत नसे. उलट त्या मुलांना भिंतीला पाठ लावून उभं करायच्या आणि विचारायच्या, "अहो, आज गहू आहे की बाजरी?"

हे 'अहो' बाईंचं खास. साडेतीन वर्षांच्या मुलाला त्या अहोजाहो करायच्या. "अहो, तुमची चड्डी उलटी आहे," "अहो, रडून झालं की इकडे या, आपल्याला काम आहे." मोठ्या माणसांना मात्र सरसकट अरेतुरे. मग तो रिक्षावाला असो, बँकेतला मॅनेजर असो, नाहीतर पहिल्यांदाच भेटलेली एखादी आई असो. एकदा मी विचारलं, हे असं उलटं का? बाई म्हणाल्या, "मोठ्यांना मान द्यायला सगळं जग बसलंय. यांना कोण देतं?"

ठेंगण्या, चौकोनी, भराभर चालणाऱ्या बाई. साडीवर जुन्या पडद्याचा शिवलेला एप्रन, त्याला चार मोठे खिसे. त्या खिशांत चिंचोके, लोकरीचे तुकडे, सुतळी, सुताराकडून आणलेल्या पॉलिश पेपरचे कापलेले आकडे, आणि कधीकधी विसरलेली अर्धी चपाती. त्यांनी आधी बरीच वर्षं उल्हासनगरला एका शाळेत काढली होती. वर्गात निम्मी मुलं सिंधी, त्यामुळे बाईंना सिंधी आकडे पाठ. ते त्या फक्त एकाच कामासाठी वापरायच्या. फार राग आला की ओठ मिटून पुटपुटायच्या, "हिकु, ब, टे, चार, पंज..." दहापर्यंत पोचेस्तोवर राग उतरलेला असायचा. एखाद्या पालकाशी बोलताना बाई पुटपुटायला लागल्या, की मी हळूच खुर्ची सरकवून त्या पालकाला बसायला द्यायचे. तेवढाच वेळ मिळायचा.

आता मुख्य गोष्ट. बाईंच्या बालवाडीत पहिले कित्येक महिने पेन्सिल मिळत नसे. पेन्सिली होत्या, पण लोखंडी कपाटात कुलूपबंद. मुलं आकडे काढायची ते रव्यात, ओल्या वाळूत, भिजवलेल्या कणकेचे वळे करून, फरशीवर सुतळी मांडून. पॉलिश पेपरच्या आकड्यावरून डोळे मिटून बोट फिरवायची आणि ओळखायची. बाई खडूने अख्ख्या गाळ्याएवढा पाच काढायच्या आणि मुलं आगगाडी करून त्या पाचावरून चालायची. वळणावर जो घसरेल त्याला बाई विचारायच्या, "कुठे वळायचं होतं, अहो?" आणि तो मागे जाऊन पुन्हा वळायचा.

"आकडा आधी खांद्यात येतो," बाई सांगायच्या. "मग कोपरात. मग मनगटात. बोटात सगळ्यात शेवटी. लोक काय करतात, बोटापासून सुरू करतात, आणि मग म्हणतात पोराचं अक्षर वाईट."

तीन आणि सहा यांच्यात मुलांचा हमखास गोंधळ व्हायचा. एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. बाईंनी त्यावर एक उपाय काढला होता. दोन मुलं भांडली की त्यांना पाठीला पाठ लावून बसवायचं, एकाने तीन व्हायचं, दुसऱ्याने सहा. पाय पोटाशी घेऊन, पोक काढून. "आता तुमचा छत्तीसचा आकडा झाला. बसा." थोड्या वेळाने कंटाळून कुणीतरी वळायचं. दोघं समोरासमोर आले की बाई टाळी वाजवायच्या. "त्रेसष्ट झाले. उठा." माझ्या डोळ्यांसमोर अजूनही मुलं भांडण विसरून मुद्दाम छत्तीस-त्रेसष्ट खेळत बसलेली आहेत.

उन्हं चांगली असली की आम्ही मुलांना गच्चीवर न्यायचो. प्रत्येकाच्या हातात रंगाऱ्याचा जुना ब्रश आणि डब्यात पाणी. तापलेल्या कोब्यावर मुलं स्वतःएवढे आकडे काढायची. एका टोकाला सात काढून होईपर्यंत दुसऱ्या टोकाचा दोन उडून गेलेला असायचा, मग पुन्हा काढायचा. एका आईने सुटताना विचारलं होतं, "आज काय काय लिहिलं? दाखव ना."

मुलगा म्हणाला, "वाळलं."

ती माऊली रागाने आत आली. "बाई, घरी दाखवायला काहीतरी हवं ना. माझ्या नणंदेची मुलगी सोनिवलीच्या शाळेत जाते, ती हंड्रेडपर्यंत लिहिते."

"लिहू दे की."

"मग आमचा कधी लिहिणार?"

"लिहितोय. तू वर ये उद्या, बघ. पण उन्हाची टोपी घालून ये."

तक्रारी वाढत गेल्या तशी आम्हाला पालकसभा घ्यावी लागली. बाईंनी पालकांना लहान खुर्च्यांवर बसवलं, आणि नवरा-बायकोच्या जोड्यांना पुढे-मागे. मागच्याने पुढच्याच्या पाठीवर बोटाने आकडा काढायचा, पुढच्याने ओळखायचा. लोक आधी हसले. अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर असलेले एक गृहस्थ होते, सभेला यायच्या आधी त्यांचं बायकोशी काहीतरी वाजलेलं दिसत होतं, कारण ती दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती. बायकोने पाठीवर आकडा काढला. ते म्हणाले, एक. तिने पुन्हा काढला. ते म्हणाले, नऊ. तिने तिसऱ्यांदा इतक्या जोरात काढला की ते पुढे झुकले.

"सात आहे," ती म्हणाली. "सरळ सात आहे. कधी लक्ष असतं तुमचं?"

सभेत खसखस पिकली. ते गृहस्थही शेवटी हसले. बाई म्हणाल्या, "अरे, तुझ्या पाठीला सात वाचता येत नाही, तुझं वय चाळीस. तुझ्या पोराचं चार. जरा धीर धर." त्या सभेनंतर वर्षभर वह्यांचा विषय कुणी काढला नाही. मात्र तीन मुलं सोनिवलीच्या शाळेत गेली. बाईंना त्याचं वाईट वाटलं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण त्या मुलांची नावं हजेरीत पुढे दोन महिने त्या घेतच राहिल्या.

बाईंचं खरं रूप मी पाहिलं ते स्वराच्या वेळी. ती इमारत ज्यांच्या जागेवर उभी होती, त्या आजोबांची ती नात. आजोबा बदलापूर गावातले मूळचे. जिथे आमची इमारत होती तिथे एके काळी त्यांची भाताची शेती होती. शेती गेली, इमारत आली, तळमजल्याचे गाळे आणि पहिला मजला त्यांच्या वाट्याला आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि स्कूटरवर पुढे उभी केलेली नात. तिला सोडलं की ते घरी जात नसत. गिरणीच्या ओट्यावर सुटेपर्यंत बसून राहत. जग ज्यांना अरेतुरे करायला धजत नाही अशा बाईंना ते सरळ 'तू' म्हणायचे. त्यांच्या बोलीत ते अपमानाचं नव्हतं, पण बाईंना अरेला का रे करणारा तो एकच माणूस, आणि मोठ्यांपैकी बाई 'तुम्ही' म्हणायच्या तेही त्या एकट्यालाच.

स्वरा डावखुरी होती. रव्यात, वाळूत, गच्चीवर, तिचा डावाच हात पुढे यायचा. एक दिवस आजोबांनी ते खिडकीतून पाहिलं. सुटल्यावर ते आत आले.

"बाय, आमची पोर डाव्या हातान लिवतं. ता बंद कर."

"का बंद करू?"

"आमचे घरान कोनी डावरा नाय. उद्या लगीन होऊन जाल, डाव्या हातान जेवान वारते म्हनून नावा ठेवतील."

"तिचा हात आहे, आजोबा. तो बदलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी स्वरा आली ती डाव्या हाताला रुमाल बांधून. मूठ आत, वर घट्ट गाठ. मी विचारलं, लागलं का? तिने मान हलवली, हो म्हणून. बाईंनी रुमाल सोडला. आत काहीही लागलेलं नव्हतं. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मला त्यांचे ओठ हलताना दिसले. हिकु, ब, टे. त्या दिवशी त्या दहाच्या पुढे गेल्या असाव्यात.

हात सुटला तरी स्वराने तो वापरला नाही. मांडीखाली दाबून ती त्यावर बसून राहिली. असं रोज होऊ लागलं. ती रुमाल बांधून यायची, बाई सोडायच्या, आणि ती हातावर बसायची. उजव्या हाताने काढलं तर आकडे आडवे पडायचे, मग तिने तेही सोडून दिलं. सगळ्यात मोठ्याने आकडे म्हणणारी मुलगी, हळूहळू बोलायचीच थांबली. हजेरीलाही नुसती बघायची. तिची आई एकदा आली, डोळ्यांत पाणी. "घरी पण बोलत नाही हो. पण सासरेबुवांच्या पुढे कोण बोलणार? हे पण गप्प बसतात."

बाईंनी आजोबांना ओट्यावरच गाठलं. मी सोबत होते.

"आजोबा, मी रोज तो रुमाल सोडते. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. उद्या पण सोडणार."

आजोबा शांतपणे म्हणाले, "जागा माजी, नात माजी. मधी तू कोन?"

"तिची बाई."

"मंग दिवालीनंतर गालं खाली कर. मेडिकलवाला कवापासून मागतंय."

त्या दिवशी घरी जाताना मी बाईंना म्हटलं की थोडं नमतं घ्या. एका मुलीसाठी बाकीची सगळी मुलं रस्त्यावर येतील, आपणही येऊ. बाई चालता चालता थांबल्या. चिडतील असं वाटलं होतं, पण चेहरा पडलेला होता. "मला पण तेच वाटतंय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तेच वाटतंय. पण उद्या तिच्याकडे बघून रुमाल तसाच ठेवायचा, ते कसं करायचं, मला सांग. मला जमत असेल तर करते."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी चालू लागलो.

पुढच्या आठवड्यात बाईंनी एक वेगळंच केलं. सकाळी आजोबा नातीला सोडून ओट्याकडे वळले, तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. "आजोबा, आत या. मी तुमचं ऐकते. तिला उजव्या हाताने शिकवते."

आजोबांनी संशयाने पाहिलं.

"पण एक अट आहे. आज तुम्ही डाव्या हाताने एक ते दहा काढून दाखवा. तुम्हाला जमलं, तर तिला पण उजव्याने जमेल. मग मी तोंड उघडणार नाही."

"त्यात काय मोटा," आजोबा म्हणाले आणि चपला काढून आत आले. लहान खुर्चीत त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले. बाईंनी समोर परात ठेवली. मुलं भोवती जमली. स्वरा मागे, भिंतीला टेकून उभी.

एक झाला. दोन वाकडा, पण झाला. तीनला आजोबांचं बोट अडलं. जन्मभर नांगर धरलेला, खांब उचललेला हात, पण डावा. त्यांनी तीन काढला आणि त्याचा सहा झाला. रवा सपाट केला, पुन्हा काढला, पुन्हा सहा. त्यांच्या कपाळावर घाम आला. कुणी हसलं नाही. बाईंनी मुलांना नुसत्या डोळ्यांनीच गप्प ठेवलं होतं. आजोबांनी नकळत उजवा हात पुढे केला, तर बाईंनी तो हळूच धरून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तो नाही, आजोबा."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. इतका मोठा माणूस, पण मला त्यांचा चेहरा बघवेना. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात रोज एखाद्या तरी मुलाच्या तोंडावर दिसायचा तसा तो दिसत होता, आता काय करायचं, असा.

स्वरा भिंत सोडून पुढे आली. परातीजवळ उभी राहून तिने थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आजा, असा नाय. तीनाचा पोट इकरं."

कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला होता. तिने रुमालाची गाठ दाताने ओढून सोडली, आपला डावा हात आजोबांच्या डाव्या हातावर ठेवला आणि त्यांचं बोट धरून रव्यात तीन काढला. मग चार. मग पाच. आजोबा तिच्या हाताबरोबर हात फिरवत राहिले. दहापर्यंत ते गेलेच नाहीत. सातावर थांबून ते उठले, धोतराला लागलेला रवा झटकला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. बाईंनी कुणाला काही बोलू दिलं नाही. आगगाडी करा म्हणाल्या, आणि वर्ग सुरू झाला.

सुटताना आजोबा दारात आले. "लिवू दे तिला कसा लिवायचा तसा," ते बाईंकडे न बघता म्हणाले. "पन जेवताना उजवा."

"जेवणाचं तुमचं," बाई म्हणाल्या. "लिहिण्याचं माझं."

मेडिकलवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. म्हणून दोघांचं पटू लागलं असं मात्र नाही. पाण्याच्या मोटरवरून, गच्चीच्या किल्लीवरून, ओट्यावर सुकत घातलेल्या मिरच्यांवरून, त्यांची रोज काहीतरी कुरबुर चालायची. एका पावसाळ्यात नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं, आमच्या गाळ्यात कंबरभर. पाणी ओसरल्यावर आम्ही पाहिलं तर परातीत चिखल, पॉलिश पेपरचे आकडे लगदा होऊन भिंतीला चिकटलेले. बाई ते एकेक सोलून काढत होत्या. आजोबा आले, दारातून बघून गेले. दुपारी त्यांनी पहिल्या मजल्यावरची भाडेकरू गेल्यामुळे रिकामी पडलेली जागा उघडून दिली. "वर चल. पानी जिना चरून येत नाय," एवढंच म्हणाले. बाईंनी आभार मानले नाहीत. त्यांनी वर जाऊन जागा पाहिली आणि म्हणाल्या, "खिडक्या लहान आहेत." खिडक्या पुढच्याच महिन्यात मोठ्या झाल्या.

आता ती बालवाडी मी चालवते. बाईंचे गुडघे जिना चढायला तयार होईनात, तेव्हा मुलाने त्यांना सोनिवलीला नव्या टॉवरमध्ये आपल्याकडे नेलं. आजोबा गेले. स्वरा कॉलेजात आहे. डाव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते.

मागच्या महिन्यात बाईंना भेटायला गेले. मुलगा दारातच म्हणाला, "तुम्हीच समजवा तिला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज मेसेज येतायत."

झालं होतं असं. संध्याकाळी टॉवरमधली लहान मुलं खाली खेळायला उतरतात. बाई त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरतात. लिफ्टच्या बटणांवर आकडे उठावदार आहेत. ते बाईंना पहिल्याच दिवशी बोटाला लागले होते. तेव्हापासून त्या मुलांना उचलून घेतात आणि बटण दाबायच्या आधी त्यावरून नीट बोट फिरवायला लावतात. सुरुवात कुठे, वळण कुठे. इंग्रजी आकडे बाईंना फारसे पसंत नाहीत, पण जे आहे त्यात भागवतात. तोवर लिफ्ट अडलेली आणि सगळे मजले खोळंबलेले.

मी समजावलं. बाई निमूटपणे ऐकत होत्या, चहा पीत होत्या. मला पोचवायला त्या खालपर्यंत निघाल्या. लिफ्टमध्ये एक तीन-साडेतीन वर्षांची मुलगी आणि तिला सांभाळणारी मावशी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी माझ्या हातात दिली, गुडघे दुखत असताना वाकल्या आणि त्या मुलीला कडेवर घेतलं.

"अहो, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"सात."

"मग दाखवा बरं, सात कुठून निघतो."

तळमजल्यावर दार उघडलं तरी कुणी उतरलं नाही. बाहेर ऑफिसची बॅग खांद्याला अडकवलेली एक तरुणी उभी होती, घामाघूम, वैतागलेली. तिने घड्याळ पाहिलं, आम्हाला पाहिलं, मग तोंड उघडलं.

"थांब गं जरा," बाई मान न वळवता म्हणाल्या. "यांचा सात अजून व्हायचाय."